मारलेला गच

बंदर लेंगेत ऊन असं, की सावलीसुद्धा
भिंतीला चिकटून चालते.
मी आलो होतो मापं घ्यायला,
हातात टेप, डोक्यावर कंपनीची टोपी.
घर मोत्यांच्या व्यापाऱ्याचं, म्हणजे एकेकाळी.
आता वाऱ्याचा मनोरा आणि चार खोल्या.

उस्ता मंदनी म्हणाला, आधी ढवळ.

परातीत पाणी, पाण्यात चाळलेला गच,
त्यात माझा उजवा हात, कोपरापर्यंत.
थांबायचं नाही.
थांबलास तर तो दगड होईल, आणि तूही,
असं म्हणाला, निदान माझ्या मोडक्या फारसीला तसं ऐकू आलं.
ढवळत राहिलं की गच मरतो.
कुश्ते म्हणतात त्याला. मारलेला.
आमच्याकडे वैद्य पारा मारायचे, मी म्हटलं.
मग तुला कळेल, तो म्हणाला,
मेलेल्याला घाई नसते.
दुपारभर मऊ राहतो,
सुरीखाली हवं ते फूल होतो.

गच.
सोलापुरात आमच्या चाळीला गच्ची होती.
तिच्यावर कुरडया वाळायच्या, मांजर व्यायची,
उन्हाळ्यात आम्ही अकरा जण ओळीनं झोपायचो.
कुणीच सांगितलं नव्हतं
की पाठीखालचा हा शब्द
गलबतातून आलाय.

उस्ताचा उस्ता शिराजहून आला, उंटावरून, लहानपणी,
तीन वर्षं नुसता झाडू मारला,
मग चाळण, मग परात,
सातव्या वर्षी सुरी.
फुलांचे कागद सुईनं टोचलेले, त्यावर कोळशाची पुरचुंडी आपटायची
की भिंतीवर ठिपके उमटतात,
रांगोळीच्या छाप्यासारखे.
तो कागद मात्र रात्री उस्ताच्या उशीखाली.

एका वर्षी मोत्यांचा भाव कोसळला.
व्यापारी बहरीनला गेला, मजुरी बुडाली,
आणि दिवाणखान्यात एक फूल
अडीच पाकळ्यांवर थांबलं.
ते अजून तिथेच आहे.
जो शिकायला येतो त्याला मंदनी ते पुरं करायला लावतो,
भिंतीवर नाही,
खाली, वाळूत, बोटानं.
मग पायानं पुसतो.

पुढे राजधानीतून साहेब आले. शाळा निघाली.
बाकं, फळा, हजेरीपट,
सहा महिन्यांत दाखला, त्यावर गोल शिक्का.
शिकवायला मंदनीनं अर्ज केला.
तुमचा दाखला? साहेबांनी विचारलं.
मंदनीनं हात दाखवले.
त्याला शिपाई म्हणून घेतलं.
एकवीस वर्षं त्यानं घंटा वाजवली,
आणि मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे,
जी चार-दोन पोरं येत
त्यांना ढवळायला बसवलं.

मरजान त्यांतल्याच एकाची मुलगी.
तिच्याकडे दोन दाखले आहेत आणि मनगटात कळ.
ती फोनवर फुलाचे फोटो काढते, मोठे करून बघते,
अडीच पाकळ्या, पुढे कुठे वळल्या असत्या?
कॉम्प्युटर सांगेल, ती म्हणते.
सांगेल की, मंदनी म्हणतो,
आणि चहात खडीसाखर बुडवतो.

माझी मापं संध्याकाळी झाली.
अर्ध्या फुलाची उंची, रुंदी, खोली मिलिमीटरमध्ये.
त्या रकान्यात काय लिहावं ते कळेना:
अपूर्ण? पडझड?
मी रकाना मोकळा सोडला, कंपनी ओरडेल.

निघताना विचारलं,
तुमच्या उस्तानं शेवटचं काय शिकवलं?
मंदनी भिंतीकडे गेला, वाकला,
पाकळीतल्या धुळीवर हळूच फुंकर मारली.
सगळी माझ्या डोळ्यांत.
मरजान हसली. मी डोळे चोळत राहिलो,
वर मनोऱ्यात वारा शिरत होता, आणि
उत्तर ते होतं,
की म्हातारा नुसताच धूळ उडवत होता,
हे विचारायचं
बोट सुटेपर्यंत सुचलं नाही.

नखांत अजून गच आहे.
घट्ट झालेला नाही.